दोन याद्या

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीत अजूनही वर्षातून दोन-तीनदा कोणी ना कोणी पेढे घेऊन येतं. आखातात नोकरी लागली, व्हिसा आला, पुढच्या महिन्यात निघतो, असं सांगतात. मुलगा लग्न झालेला असेल तर पेढा हातात घ्यायच्या आधी मी विचारतो, "लग्नाची नोंदणी केलीस का?" बरेच जण म्हणतात, काका, पत्रिका आहे, अल्बम आहे, आख्ख्या गावाने जेवण केलंय, नोंदणी कशाला? मग मी त्याला खाली बसवतो आणि १९९० साली आमच्यावर काय गुदरलं ते सांगतो. या वेळी मुलगी म्हणाली, पप्पा, एकदा सगळं लिहूनच काढा. म्हणून लिहितोय.

मी सातपूरच्या आयटीआयमधून एसी-फ्रीजचं काम शिकलो. लग्न १९८१ साली पंचवटीत झालं. १९८४ ला कुवेतला गेलो आणि १९८७ ला बायको आणि मुलगा तिकडे आले. मुलगी तिकडेच झाली. हवल्ली भागात दोन खोल्यांचं घर होतं. बायकोचा पासपोर्ट काढताना शाळेचा दाखला जोडला होता, त्यावर तिचं माहेरचं नाव. लग्नात आमच्याकडे रीतीप्रमाणे तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहिलं होतं, पण ते ताटातच राहिलं, कागदावर कधी आलं नाही. पासपोर्टवर तिचं नाव वेगळं, आडनाव वेगळं. तेव्हा मुलांची नावं आई किंवा वडिलांच्या पासपोर्टवर चढवत. आमची दोन्ही मुलं तिच्या पासपोर्टवर होती. तिकडे व्हिसा मिळाला, काम भागलं, म्हणून मी पुढे काही केलं नाही. तीन वर्षं ते मनातही आलं नाही.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तो दिवस, २ ऑगस्ट १९९०, गुरुवार होता. पहाटे धडधड ऐकून जागा झालो तेव्हा वाटलं, कुठल्या तरी इमारतीचा मोठा कॉम्प्रेसर बिघडला. गच्चीवर गेलो तर लांब धूर, आणि खाली रस्त्यावरून रणगाडा चाललेला. आयुष्यात पहिल्यांदा रणगाडा पाहिला, तो आमच्या किराणा दुकानासमोर. देवळाली कॅम्पच्या इतक्या जवळ वाढलो, पण तोफांचे आवाज लांबूनच ऐकलेले.

बायको पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अहो, निघू या." मी म्हणालो, थांबू. जुलैचा पगार यायचा होता आणि सहा वर्षांची शिल्लक बँकेत होती. शिवाय पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होते, तिकडे सगळ्यांचेच असत. ओळखीतले काही जण सौदीच्या दिशेने वाळवंटातून गाड्या घालून गेले. एकाने मला पिकअपमध्ये जागाही देऊ केली. पन्नास अंशांच्या उन्हात, तीन वर्षांच्या पोरीला घेऊन, रस्ता नसलेल्या वाळूत! मी नाही म्हणालो. तो नकार मला आजही बरोबर वाटतो. पैशांसाठी थांबलो ते मात्र चुकलंच. इराकने कुवेती दिनार आणि इराकी दिनार एका भावाचे करून टाकले आणि माझी शिल्लक बघता बघता कवडीमोल झाली. पगार तर आलाच नाही. त्या हट्टापायी आम्ही अशा वेळी निघालो जेव्हा सगळा कुवेत एकाच वाटेला लागला होता. त्याची किंमत पोराने मोजली.

पासपोर्ट मिळवायला चार खेपा झाल्या. मालक देश सोडून गेला होता. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करणारा माणूस, इजिप्तचा होता. तो स्वतःच निघायच्या तयारीत होता. चौथ्या दिवशी त्याने कपाट उघडलं आणि आमच्यातल्या बावीस जणांचे पासपोर्ट एका खोक्यात घालून माझ्या हातात दिले. वर म्हणाला, हे वाटल्याशिवाय तू जाऊ नकोस. दोन दिवस फिरून मी ते वाटले. त्या माणसाची पुन्हा कधी गाठ पडली नाही.

दरम्यान आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला येऊन सद्दाम हुसेनला भेटले आणि कुवेतलाही आले. जॉर्डनमधल्या अम्मानहून एअर इंडियाची विमानं सुटायला लागल्याची बातमी पसरली. पण अम्मानपर्यंत पोचायचं कसं? कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, तिथून वाळवंट ओलांडून जॉर्डनची सीमा, असा हजार मैलांच्या आसपासचा रस्ता. आपल्याच लोकांनी समित्या केल्या होत्या. शाळेच्या आवारात टेबलं मांडून नावं लिहून घेत, बस ठरवत. भाडं रोख द्यायचं होतं.

रोख नव्हती. तिच्या हातात पाटल्या होत्या, लग्नात घातलेल्या, नऊ वर्षांत न काढलेल्या. त्या निघेनात. बेसिनपाशी उभं राहून मी तिच्या मनगटाला साबण लावला, हाडापाशी कातडी गोळा होत होती. ती नळाकडे बघत होती. एक निघाली, दुसरीला रक्त आलं. "ओढा," एवढंच म्हणाली. हवल्लीतल्या एका दुकानदाराने निम्म्याहून कमी भावाने घेतल्या. घासाघीस करायची ती वेळच नव्हती.

निघायच्या आदल्या रात्री तिने दशम्या केल्या. दुधात कणीक भिजवलेल्या, चार दिवस टिकतील अशा. एका डब्यात साखर, एका पुडीत मीठ. मी वीस लिटरचा कॅन घेतला आणि त्याला गोणपाटाचं तीन पदरी आवरण शिवलं. नाशिकला उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतो ना, तेच. गोणपाट ओलं ठेवलं की वारा लागून आतलं पाणी गार राहतं. थंड करायचं कामच मी पोटापाण्यासाठी करत होतो, पण त्या धंद्यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं ज्ञान एवढंच.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बस सुटली. प्रत्येक चौकीवर शिपाई चढायचा, मी मोठ्याने "हिंदी, हिंदी", म्हणजे अरबीत भारतीय, असं म्हणायचो आणि तो मुलांकडे बघून उतरायचा. वाईट वागला असं कोणी मला भेटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. बसऱ्याच्या पुढे खजुराची झाडं लागली तेव्हा मुलाने विचारलं, "आलं का नाशिक?" बगदादला एक रात्र फुटपाथवर काढली आणि दुसऱ्या बसने सीमेवर आलो.

सीमेवर जे पाहिलं त्याची कल्पना आम्हाला कोणी दिली नव्हती. इराकची चौकी मागे आणि जॉर्डनची पुढे, मधल्या मोकळ्या पट्ट्यात नुसते तंबू. भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकेचे, फिलिपिनो, इजिप्तचे, नजर पोचेल तिथवर माणसं. जॉर्डन एका वेळी थोडेच लोक आत घ्यायचा, कारण एवढी माणसं ठेवायला त्यांच्याकडेही जागा नव्हती. पाण्याचा टँकर आला की माणसं त्याच्या मागे धावायची. दिवसा तंबूत श्वास घेववत नव्हता आणि रात्री थंडीने मुलं कुडकुडायची. सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, विंचू असतात, हे पहिल्याच दिवशी शेजारच्या तंबूतल्याने सांगितलं. मी रात्री झोपत नसे. मुलांच्या अंगाखालचं कांबळं टॉर्चने तपासत बसायचो.

तिसऱ्या दिवशी मुलाला जुलाब लागले. सात वर्षांचं पोर दुपारपर्यंत सुकून गेलं, डोळे खोल गेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहायची. डॉक्टरची रांग लांबच लांब होती. पण बायकोला जलसंजीवनी येत होती. नाशिकला असताना दवाखान्यातल्या ताईंनी शिकवलेली: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाणी उकळायला सरपण नव्हतं. खोक्यांचे पुठ्ठे जाळून तिने पाणी उकळलं. ओल्या गोणपाटाशी धरून गार केलं आणि दर पाच मिनिटांनी एक चमचा, असं रात्रभर त्याच्या तोंडात घातलं. ओकला की दहा मिनिटं थांबायची, पुन्हा चमचा. मी घड्याळ धरून बसलो होतो. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशी "झाली पाच मिनिटं" याशिवाय काही बोललो नाही.

सकाळी बसच्या याद्या वाचायला सुरुवात झाली. आपल्या माणसांची नावं परक्या तोंडून अशी काही निघायची, की लक्ष नसेल तर नंबर जायचा. म्हणून मी वाचणाऱ्याच्या अगदी पायापाशी जाऊन बसायचो. त्या दिवशी तिचं नाव आलं. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, सोबत दोन मुलं. मला क्षणभर कळलंच नाही, ही कोण म्हणून. मग उठून पुढे गेलो. माझं नाव त्या यादीत नव्हतं. दुसऱ्या यादीत होतं, त्या यादीची बस कधी लागेल ते कोणालाच माहीत नव्हतं.

मदतीला आलेला स्वयंसेवक केरळचा होता. त्याने दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी धरले आणि हळूच म्हणाला, "भाईसाब, कागज़ पे तो ये आपकी फैमिली नहीं है." जॉर्डनच्या पोलिसाला त्याने समजावून पाहिलं. पोलिसाने माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, लग्नाचा कागद मागितला. माझ्यापाशी नव्हता. कुठेच नव्हता, नाशिकलाही नव्हता. मुलगी माझ्या कडेवर गळ्यात हात टाकून बसलेली होती, पण तो पुरावा चालत नव्हता.

ती म्हणाली, "आपण सगळेच थांबू. पुढच्या बसने एकत्र जाऊ." मला तेच हवं होतं. बाप म्हणजे घराला एकत्र धरून ठेवणारा, असंच मी तोवर समजत आलो होतो, आणि सबंध प्रवासात मी तेवढंच केलं होतं. पण पोराचा हात हातात घेतला तर तो पाचोळ्यासारखा हलका. अम्मानला डॉक्टर होते, छप्पर होतं, नळाचं पाणी होतं. इथे आणखी दोन दिवस काढले असते तर? मी म्हणालो, "तू जा." ती माझ्यावर इतकी संतापलेली मी ना आधी पाहिली, ना नंतर. "इथवर आणलंत आणि इथे सोडता?" मी उत्तर दिलं नाही. खिशातलं बॉलपेन काढलं आणि दोन्ही मुलांच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, इंग्रजीत माझं नाव आणि पंचवटीचा पत्ता लिहिला. घामाने अक्षरं फुटत होती. पुन्हा पुसून लिहिली. मुलगी हसत होती, तिला गुदगुल्या होत होत्या.

बस गेली. कॅन मी त्यांच्याबरोबर दिला होता. टँकरच्या रांगेत उभं राहायला माझ्यापाशी भांडंसुद्धा नव्हतं, ते शेजारच्या बांगलादेशी कुटुंबाने दिलं.

दोन रात्रींनंतर माझा नंबर लागला. अम्मानला पोचलो तेव्हा त्यांना विमानात बसवून दिल्याचं कळलं, पण पोरगा कसा आहे ते सांगणारं कोणी नव्हतं. आज वाचतो की ती विमानं सुमारे दोन महिने उडत होती, ४८८ फेऱ्या झाल्या, लाखाहून जास्त माणसं घरी आली. मला त्यातली एकच फेरी माहीत आहे. शेजारच्या सीटवरच्या माणसाने माझी जेवणाची थाळी परत पाठवू दिली नाही, तेवढं आठवतं.

मुंबईहून सकाळची एसटी पकडली. सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून रिक्षाने पंचवटीत आलो तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. गल्लीच्या तोंडाशीच पाय थांबले. आमच्या दारात पुरुषांच्या चपला, ओळीने. आतून मंत्रांचा आवाज. ओट्यावर आमचे गुरुजी उघड्या अंगाने हात धूत उभे. मला दुसरं काही सुचलंच नाही. पोरगा गेला, असंच मनाने घेतलं. मी समोरच्या घराच्या पायरीवर बसलो. उठून पुढे जाणं मला शक्यच झालं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग मुलगा बाहेर आला. हातात वडा. मला पाहून जागच्या जागी ओरडला, "आजी, पप्पा!"

पितृपक्ष चालू होता. त्या दिवशी माझ्या वडिलांची तिथी होती. दीड महिना तारीख-वार-तिथी कशाचंच भान नव्हतं, आणि घरच्यांनी श्राद्ध धाकट्या भावाच्या हातून करायचं ठरवलं होतं. आईने मला काही विचारलं नाही. हात-पाय धुवायला लावले आणि गुरुजींना म्हणाली, थोरला आलाय, पिंडदान तोच करेल. भाऊ पाटावरून उठला. कपड्यांना वाळवंटाची धूळ होती, ते बदलून त्याच्या धोतरात मी बसलो. गच्चीवर पान ठेवलं तर कावळा लगेच शिवला. पायरीवर मला काय वाटलं होतं, ते आईला मी कधी सांगितलं नाही. बायकोला सांगितलं, पण खूप वर्षांनी.

ती बाकी घरी आल्यावर माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. बस, तेवढंच.

पुढचं काम कागदांचं होतं. फेब्रुवारी १९९१ मध्ये कुवेत मुक्त झालं. मग संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात भरपाई आयोग नेमला. पैसा इराकच्या तेलविक्रीतून कापून यायचा होता. कुवेत किंवा इराक सोडून निघावं लागलेल्यांसाठी ठरावीक रक्कम होती: एकट्या माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. दुसरा कुठलाही दावा करणार नाही असं लिहून दिलं तर एकट्याला ४,००० आणि कुटुंबाला ८,०००. सामानाच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या यांतलं माझ्यापाशी काही नव्हतं. म्हणून मी कुटुंबाचा, ८,००० चा अर्ज धरला. आणि पुन्हा तोच प्रश्न. पासपोर्टवर दोन नावं, दोन आडनावं. कुटुंब कोणतं?

या वेळी मी गाफील राहिलो नाही. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती, तरी नोंदणीला गेलो. लग्नपत्रिका हवी होती, ती आईच्या ट्रंकेत साड्यांखाली सापडली. अंतरपाटाचा फोटो सासरवाडीहून सिन्नरहून आणला. तीन साक्षीदार. आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. तेच आमचे गुरुजी, ओट्यावर हात धूत उभे होते ते. सही करताना म्हणाले, "मंगलाष्टकं म्हटली तेव्हा माझा आवाज अख्ख्या पंचवटीने ऐकला, आता कागदालाही ऐकू दे." तिच्या नावातल्या बदलाची नोंद राजपत्रात छापून आणली. कोर्टाजवळच्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं की ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. कागदाच्या प्रत्येक प्रतीवर तिने दोन्ही सह्या केल्या. माहेरच्या नावाची सही करताना तिचं अक्षर शाळेतल्यासारखं गोल यायचं.

अर्ज गेला आणि नुसती वाट पाहणं उरलं. मी अंबडला एका कारखान्यात शीतगृहाच्या देखभालीला लागलो. जगभरातून सुमारे २७ लाख दावे गेले होते, आमचा त्यातला एक. १९९७ च्या सुमारास पहिला हप्ता आला, २,५०० डॉलर. डॉलर तेव्हा ३६ रुपयांच्या आसपास होता. ते पैसे मेहुण्यांचं कर्ज फेडण्यात आणि सिडकोतल्या घराच्या हप्त्यांत गेले. उरलेली रक्कम त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आली. ज्या दिवशी बँकेचा कागद आला त्या दिवशी मी तिला काही न सांगता सराफ बाजारात घेऊन गेलो.

पाटल्या जुन्या मापाच्याच मागितल्या, तशाच नक्षीच्या. तिने हात पुढे केला. मधल्या दहा वर्षांत हात भरले होते, त्या हाडापाशीच अडल्या. मोठं माप दाखवतो, असं सराफ म्हणत होता. ती म्हणाली, नको, ह्याच. मग दुकानातल्या पोऱ्याने आतून साबणाची वडी आणि तांब्याभर पाणी आणलं. तिने हात माझ्यापुढे धरला.